मी पाहाले नाई, दाखवाले गेलो

लिहा गुरुजी. नाव टेकचंद, जनम सौंदडचा, आता राहनं फुलचूरले, आनि धंदा लिहाचा असंल तर पारखी लिहा, आंधळा लिहू नका, आंधळा हा काई धंदा नाई. तुमी आले तवापासून दोनदा खोकलले, म्हन्जे तुमाले काईतरी विचाराचं हाय आनि जीभ उचलून नाई राहिली. मी सांगतो काय विचाराचं हाय ते. ज्याले दिसत नाई तो मानूस जुनी देवळं पाहाले कायले जाते, हेच ना? विचारा ना बापा, लाजता काऊन, पानठेल्यावाला विचारते, दवाखान्यातली नर्स विचारते, माजा सख्खा साळा विचारते, आनि मी सगळ्याईले एकच जवाब देतो, पन तो मी आत्ताच नाई देनार, पयले मांगचं सगळं आयका, नाई तर घरी जाऊन लिहान का टेकचंद मोठा भक्त हाय. मी भक्त-बिक्त काई नाई.

सौंदडले आमचं घर टेशनापासून जवळ, बापाच्या सोताच्या दोन बांध्या आनि बाकीची धानाची जमीन ठेक्यानं. रेल्वे रोज अंगनातून दिसाची, पन आमच्या घरचं कोनी त्या रेल्वेत बसून कोठी फिराले गेलं असं कदी झालं नाई, बाप गेला तर लग्नाले गेला नाई तर मयतीले गेला, आनि माय तर तेवढीबी नाई. देव म्हन्जे गावातला मारुती, शेंदूर लावलेला, वरते टिनाचं छप्पर, दर साली नवा ऑइलपेंट. तो देव चांगलाच हाय, मी त्याले नाव नाई ठेवत, पन दगड कापून, त्याच्यावर कोनी जनम घालवून, हजार वर्स उभं राहील असं काई राहते, हे मले तेवीस वर्साचा होईपर्यंत मालूमच नोहतं. कोनी सांगतलंच नाई. शाळेत सांगतलं असंल तर त्या दिवशी मी रोवन्याले, म्हन्जे धान लावाले, गेलो असंल.

सातवीत शाळा सुटली आनि मी गोंदियाले राईस मिलमधी लागलो, पयले झाडू मारलो, मंग कट्टे, म्हन्जे धानाचे पोते, शिवलो, मंग सेठचा जो जुना पारखी होता त्याच्या हाताखाली गेलो, त्यानं मले तयार केलं. पारखीचं काम कसं राहते, तर धानाची गाडी आली का कट्ट्यात लोखंडी नळी खुपसाची, जेवढा धान हातावर आला तेवढ्यावरून सगळ्या गाडीचं सांगाचं, ओला का सुका, जुना का नवा, खरा चिनोर जातीचा हाय का चिनोरच्या नावावर दुसरंच काई आनलं, भरडला तर तांदूळ अख्खा निंगल का तुटून कनकी होईल. लोकांले वाटते हे डोळ्याचं काम हाय. डोळ्याचं कमी, हाताचं जास्त. तळहातावर दाने घ्याचे, दुसऱ्या हातानं रगडाचे, तूस कसं सुटते ते पाहाचं, एक दाना दाताखाली फोडाचा, कट असा आवाज आला का धान सुका. सेठ हिंदीत म्हनाचा, टेकचंद का हाथ झूठ नहीं बोलता. फुशारकी म्हनून नाई सांगून राहिलो गुरुजी, पुढं कामात पडनार हाय म्हनून सांगून राहिलो, लिहून ठेवा.

आता असली गोष्ट आयका. लग्न होऊन सा महिने झाले होते, सेठनं मले कवर्ध्याकडे धान पाहाले पाठवलं, ट्रकनं, बालाघाट, बैहर, मंग पुढं घाट नि जंगल, आनि घाट उतरून पुढं गेलो तर ट्रकच्या चाकावरचा पाटा तुटला. डायव्हर म्हन्ला, आता संध्याकाळपर्यंत बस इथीच, मी सामान घेऊन येतो. एक बुडा गायी घेऊन जात होता, तो छत्तीसगडीत म्हन्ला का इकडे झाडीत भोरमदेवचं जुनं देऊळ हाय, बसून काय करतं, पाहून ये. मी गेलो. काय सांगू तुमाले. जंगल, पहाड, सामने तलाव, आनि मंधात ते देऊळ, खालपासून वरपर्यंत बोट ठेवाले जागा नाई एवढं कोरलेलं, हत्ती, घोडे, नाचनाऱ्या बाया, लढनारे मानसं, आनि त्या टायमाले तिथी मी एकटा. मी गोल फिरलो, आनखी फिरलो, मान दुखाले लागली. मंग भूक लागली म्हनून दाराजवळ पायरीच्या बाजूले सावलीत बसलो, रुमालातले मुरमुरे सोडलो, आनि खाता खाता नजर गेली तर बाजूच्या दगडावर एक कमळ कोरून हाय, हाताच्या पंज्याएवढं, आनि ते अर्धंच हाय. अर्ध्या पाकळ्या अशा का हवा आली तर हलतीन, आनि पुढं कोरा दगड, त्याच्यावर छन्नीचे नुसते घाव. एवढ्या मोठ्या कामात एक कमळ अर्धं. मी मुरमुरे खाचे थांबलो. काऊन सोडलं असंल यानं? जेवाले उठला आनि आलाच नाई? बीमार पडला? मालकासंग भांडला? मले त्याचा जवाब आजपर्यंत भेटला नाई.

आनि तिथी बसल्या बसल्या मले भल्लं वाईट वाटलं, रडूच आलं म्हना ना, का हे मी एकटा पाहून राहिलो. माय-बाप सौंदडले चिखलात, नवी बायको घरी चुलीपाशी, आनि मी इथी चोरून गोड खाल्ल्यावानी एकटा पाहून घेतो. मी तिथीच ठरवलो का घरच्या सगळ्याईले इथी आनीन. नुसतं इथीच नाई, अशी दगडाची जुनी देवळं आपल्या टप्प्यात जेवढी हायेत, नागरा हाय, लांजी हाय, मार्कंडा हाय, सिरपूर हाय, तेवढी सगळी, सगळ्याईले घेऊन. कोनी घर बांधाचं ठरवते, कोनी ट्रॅक्टर घ्याचा ठरवते, मी हे ठरवलो. नवस नाई बोललो, देवाले काई मांगलोबी नाई. घरच्यांले दाखवाचं, एवढंच.

घरी येऊन फुलवंताले सगळं सांगतलो, फुलवंता म्हन्जे माजी बायको, आत्ता चहा ठेवून राहिली ती. कमळबी सांगतलो. ती म्हन्ली, मंग चला ना अजी, कदी जाचं? आनि इथी माजी चूक हाय, मी ती दुसऱ्याच्या माथी मारत नाई. मी म्हन्लो, रोवना होऊन जाऊ दे. रोवना झाला तर निंदन, निंदन झालं तर कापनी, मंग चुरना, म्हन्जे मळनी, चुरना संपला का मिलचा सीजन, सीजन संपला का लग्नं, लग्नं संपली का पुन्ना नांगर. माय-बाप दोघंबी गेले, न पाहता गेले. पोरगा झाला, हेमराज, तो मोठा झाला, आनि फुलवंता दर साली एकदा विचारे, अजी, त्या कमळाकडे कदी? मी म्हनो, रोवना होऊन जाऊ दे. पंचवीस वर्स मी हेच एक वाक्य बोललो आनि तिनं आयकलं, कदी उलटून नाई बोलली, आनि त्याचंच मले आता जास्त लागते.

मंग डोळा. दिवाळीच्या मांगून सौंदडले चुरना चालू होता, मी मिलमधून सुट्टी काढून हात लावाले गेलो, पंख्यासमोर धान उडवून राहिलो होतो आनि एक कुसळ उडालं ते सरळ उजव्या डोळ्यात. धानाच्या कुसळाले बारीक काटे राहतेत, ते घुसते, निंगत नाई. शेजारच्या काकीनं पदराच्या टोकानं काढलं, तिचा काई दोष नाई, आमच्याकडे असंच काढतेत, वरतून शेळीचं दूध नि मध टाकलं, तेबी असंच टाकतेत. डोळा लाल झाला, पानी थांबेना. फुलवंता म्हन्ली, गोंदियाले डॉक्टरले दाखवा. मी काय म्हन्लो असंल? एवढा चुरना होऊन जाऊ दे. बारा दिवसानं गेलो तवा बुबुळावर पांढरा डाग पडून गेला होता, डॉक्टर म्हन्ला, दुसऱ्याच दिवशी आले असते तर डोळा राह्यला असता. आमच्या तिकडे असे आनखी हायेत, एका डोळ्यावर पांढरं घेऊन फिरनारे, सगळे चुरन्यातलेच.

दुसरा डोळा काचबिंदूनं गेला, हळूहळू, कडेकडेनं, आनि तो जाऊन राहिला तवा मी मिलमधी दोन वर्स कोनाले कळू नाई दिलो. खरं सांगतो. नळी खुपसाची, हातावर घ्याचं, रगडाचं, दाताखाली फोडाचं, त्याले डोळे कोठी लागतेत? एकबी गाडी चुकलो नाई. एक दिवस कट्ट्याची थप्पी नवीन जागी लावली होती, मले कोनी सांगतलं नाई, मी सरळ जाऊन तिच्यावर आदळलो, तोंड फुटलं, तवा सेठले कळलं. सेठ माजा हात धरून म्हन्ला, टेकचंद, बताया क्यूँ नहीं. मी म्हन्लो, सेठ, माल में गलती निकली क्या? नाई म्हन्ला. पन त्या दिवसापासून मी घरी.

घरी बसलो तर मानूस काय करते, जुनं काढते. मले तर जे दिसत होतं ते सगळं मांगचंच होतं, सौंदडचं टेशन, मायचं तोंड, आनि ते देऊळ, ते अर्धं कमळ. मी हेमराजले म्हन्लो, बापू, आता जाऊ. त्याचं गोंदियाले मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय, पोरगा कामाचा हाय, दारू नाई, बिडी नाई, पन मले दिसाचं बंद झालं तवापासून तो माज्यासंग तीनच शब्द बोले, चला, थांबा, पायरी. गाडी मांगे घेनाऱ्याले सांगतेत तसं. तो म्हन्ला, बाबूजी, आता तिथी जाऊन तुमी काय पाहान? कोठी पडले-झडले तर लोक मले काय म्हन्तीन? आनि तेवढ्यात एका तेरवीत माजा साळा सगळ्यांसमोर मले म्हन्ला का भाटवा, डोळे गेले म्हन्जे मांगच्या जनमाचं काईतरी राहते, आता घरीच बसून नाव घ्या, देवळं फिरून देवाले कायले तकलीप देता. मी जेवनाची पत्रावळ बाजूले सारलो आनि म्हन्लो, पाप-बीप नाई गा, कुसळ होतं, आनि तूबी दर साली त्याच पंख्यासमोर उभा राहतं, चष्मा लावत जा. तवापासून तो चष्मा लावते, मालूम हाय मले.

मंग मी काय केलो, एक दिवस सकाळी फुलवंता भाजी आनाले गेली होती, मी काठी घेतलो, रोडवर उभा राह्यलो, ऑटो थांबवलो आनि म्हन्लो, नागऱ्याले सोड, शंकराच्या जुन्या देवळाजवळ. गोंदियापासून कितीसं हाय नागरा, त्या बाजूनं मी मिलच्या गाडीवर किती वेळा गेलो, आनि कदी उतरलो नाई. तिथी दिवसभर बसलो. पायऱ्यांवर बसलो, खांबाले पाठ लावून बसलो, थंडा दगड, आतमधी घंटीचा आवाज, बेलाच्या पानाचा वास, बाया येऊन राहिल्या, जाऊन राहिल्या, मले कोनी काई म्हन्लं नाई. दुपार उतरून गेली तवा हेमराज आला, भल्ला तापला होता, सगळं फुलचूर धुंडून आला होता, म्हन्ला, लोकांले मी काय सांगू, बाप कोठी गेला? मी म्हन्लो, सांग, बाप देवळात बसला हाय, दारूच्या दुकानात नाई.

त्या दिवशी घरी भांडन झालं, मोठ्यानं झालं, शेजाऱ्याईनं आयकलं, आयकू द्या. हेमराज म्हन्ला, तुमाले दिसत नाई बाबूजी, मंग पाहाचा हट्ट कायले? तवा मी जो जवाब दिलो तोच आता सगळ्याईले देतो, तुमालेबी देतो. मी पाहाले नाई जाऊन राहिलो, दाखवाले जाऊन राहिलो. मी पाह्यलो हाय! तुनं पाह्यलं का? तुज्या मायनं पाह्यलं का? या घरात ज्यानं पाह्यलं तो एकटा मी हाय, मंग दाखवाले कोन जाईल, तू? तुले तर कोनतं दार कोठी हाय हेबी मालूम नाई. तवा सून बोलली, दामिनी, बालाघाटची हाय, तिची बोली अर्धी हिंदी, ती म्हन्ली, बाबूजी बरोबर तो बोल रहे हैं, आपन कल ही गाडी बोलते. आनि दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी सांगतलीबी.

गेल्या हिवाळ्यात गेलो. आमी चौघंच, मी, फुलवंता, हेमराज, दामिनी. तोच रस्ता, बालाघाट, बैहर, दामिनी गावाच्या पाट्या वाचून राहिली, मी पुढचं गाव तिच्या आधी सांगून राहिलो. घाटात सरईच्या झाडांचा वास आला तवा मी गावं सांगाचं सोडलो. भेव होतं मले, लपवत नाई. डोळे गेले म्हन्जे माज्याजवळ जे होतं ते एवढंच, पाह्यलेलं. ते जर चुकीचं निंगालं, तर मंग माज्याजवळ काय राह्यलं?

देवळासमोर उतरल्यावर मी म्हन्लो, मले तलावाकडे पाठ करून उभं करा. केलं. मंग म्हन्लो, आता वरते पाहा, खालच्या रांगेपासून सुरू करा, पाहा, हत्ती हायेत का? फुलवंता म्हन्ली, हव, हायेत. घोडे हायेत का? हायेत. नाचनाऱ्या बाया? हायेत अजी, गळ्यातला एक एक मनी दिसून राहिला. मले असा जोर आला गुरुजी, मी काठी वरते करून मास्तरवानी सांगत सुटलो, आता इकडून गोल या, आता या बाजूले पाहा, या बाजूचं काम सगळ्यात मस्त हाय, ध्यान देऊन पाहा, घाई करू नका. आनि सगळे चूप. मी म्हन्लो, काऊन, दिसून नाई राहिलं का? हेमराजले खोकला आला. फुलवंतानं माजी बाही ओढली, कानाजवळ म्हन्ली, अजी, तोंड बंद करा, सून बाजूले हाय. तवा माज्या ध्यानात आलं. त्या बाजूले बाया-मानसांच्या जोड्या कोरून हायेत, तसल्या. आता तेवीस वर्साचा होतो तवा पाह्यलो होतो, विसरलो होतो म्हन्लो तर तुमी मानाचे नाई, पन सुनेले घेऊन त्याच्यासमोर उभा राहीन हे मनात आलं नोहतं. सगळ्यात पयले दामिनीच हसली, म्हन्ली, बाबूजी, ये तो आपने बताया नहीं था. मंग फुलवंता हसली, पदर तोंडावर घेऊन, मंग सगळेच. मी म्हन्लो, कोरनारा लाजला नाई, तुमी पाहाले कायले लाजता, चला पुढं.

पुढं म्हन्जे कमळ. तिथला चौकीदार संग संग फिरत होता, चांगला मानूस, सारखा म्हने, दादा, हाथ नहीं लगाना, पत्थर खराब होता है. मी म्हन्लो, नाई लावत. मंग हेमराजले म्हन्लो, दाराजवळ जा, पायरीच्या बाजूनं पाहा, अर्धं कमळ हाय. तो गेला, इकडून पाह्यला, तिकडून पाह्यला, मोबाईलची बत्ती लावून पाह्यला. नाई बाबूजी. दुसऱ्या बाजूनं पाह्य. नाई. दामिनी गेली, तिलेबी नाई. चौकीदार म्हन्ला, बारा साल से हूँ दादा, आधा कमल यहाँ कहीं नहीं है. आनि हेमराज हळूच म्हन्ला, बाबूजी, एवढ्या वर्साची गोष्ट हाय, दुसऱ्या कोन्या ठिकानचं असंल. मले असा राग आला, मी म्हन्लो, माजा हात कदी खोटा नाई बोलला तर डोळे खोटे बोलतीन का? हाय म्हन्तो म्हन्जे हाय. पन गुरुजी, वरतून ओरडून राहिलो होतो आनि आतून माजाच माज्यावरचा भरवसा उडून गेला होता.

फुलवंता म्हन्ली, तुमी भांडा बापा, माजे गुडघे राह्यले, मी बसते. ती पायरीच्या बाजूले सावलीत बसली, पोळ्यांचा डबा सोडला, झाकनाचा आवाज मले आयकू आला. मंग काईच आवाज नाई. मंग ती म्हन्ली, अजी. हे का?

आता सांगा, मी किती मूर्ख. मी ते बसून पाह्यलो होतो! मुरमुरे खाता खाता, मांडी घालून. त्या उंचीवर ते हाय, उभ्या मानसाले ते दिसतच नाई, खालच्या दगडाच्या आत दबून हाय. सगळे उभे राहून पाहून राहिले होते आनि मी उभा राहूनच ओरडून राहिलो होतो. चौकीदार वाकला, म्हन्ला, अरे, सही में. मंग त्याले काय वाटलं कोन जाने, जवळ येऊन म्हन्ला, लगा लो दादा हाथ, आपका तो हक बनता है, कोई नहीं देख रहा.

मी हात मांगं बांधलो. नाई म्हन्लो. हेमराज म्हन्ला, बाबूजी, तो सोता म्हनून राहिला हाय, लावा ना. मी म्हन्लो, मिलमधी ज्या लाकडी फळीवर मी धान रगडो, तिले माज्या हातानं खड्डा पडला होता, खोल, वाटीएवढा, हात काय करते ते मले मालूम हाय. त्या मानसाचं एवढंच काम राह्यलं हाय, तेबी अर्धं, ते मी कायले झिजवू? आनि माज्यावर दया करून कोनी कायदा वाकवाची गरज नाई. तू बस खाली. तू सांग मले.

हेमराज बसला. म्हन्ला, कमळ हाय. मी म्हन्लो, कमळ हाय हे मीच तुले सांगतलो, पाकळ्या किती? तो मोजाले लागला. सात. टोकं कशी हायेत? टोकं बाहेर वळली हायेत बाबूजी. सारखीच वळली का? तो थांबला, वाकला असंल, मंग म्हन्ला, नाई, चौथी कमी वळली हाय. त्याचा आवाज बदलला होता, घाई गेली होती त्याच्यातली. मंग त्यानं मांगून माजा हात सोडवला, तळहात वरते केला, जिथी मी जनमभर धान घेतलो तिथीच, आनि आपल्या बोटानं काढाले लागला. ही पयली. ही दुसरी. ही तिसरी. ही चौथी, कमी वळलेली. हळूहळू, एक एक. सातवी झाली आनि बोट थांबलं. मी वाट पाह्यलो. मंग तो म्हन्ला, बाबूजी, याच्यापुढं कोरा हाय. मी रडलो. लिहा, रडलो, त्याच्यात लाजाचं काई नाई. हेमराजनं हात सोडला नाई, बोट तिथीच, सातव्या पाकळीवर ठेवून बसला, आनि म्हन्ला, यानं काऊन सोडलं असंल हे? मी म्हन्लो, तेच तर.

त्याच्या मांगून लांजी झालं, सिरपूर झालं. हेमराज आता बोलते. येवढा बोलते का कदी कदी चूप म्हनावं लागते, प्रत्येक खांब सांगते. पानठेल्यावाला आताबी विचारते, काय पाह्यलं गा बुढऊ, मी म्हन्तो, तू किती पाकळ्या मोजल्या आजपर्यंत ते सांग पयले. साळा आताबी मांगच्या जनमाचं बोलते, बोलू द्या. मार्कंडा राह्यलं हाय. फुलवंताले वैनगंगेचा तो काठ पाहाचा हाय, ती माहेरून आयकत आली. सौंदडले परे, म्हन्जे धानाची रोपं, टाकून झाले, पानी पडलं का रोवना सुरू, आनि परवा जेवताना हेमराज म्हन्ला, बाबूजी, आता एवढा रोवना होऊन जाऊ द्या, मंग जाऊ. माज्या हातातला घास तसाच राह्यला. आनि फुलवंता, जी पंचवीस वर्स कदी उलटून नाई बोलली, ती एवढ्या मोठ्यानं ओरडली का दामिनीच्या हातातून पळी पडली. म्हन्ली, रोवना गेला खड्ड्यात, गाडी बोलाव. मंगळवारी निंगून राहिलो आमी.

झालं, पेन ठेवा. चहा आला, घ्या, आनि चहा झाला का इथी बसू नका गुरुजी. देव तुमचे डोळे शाबूत ठेवो, पन त्याच्या भरवशावर राहू नका. घरी जा आनि गुरुजीनबाईले विचारा, तिले कोठी जाचं हाय. आज विचारा. आनि ती गावाचं नाव सांगंल तवा तुमच्या तोंडात जे येईल ना, एवढं होऊन जाऊ दे म्हनून, ते गिळा.